लांब राइडला बोटं बधिर होतात? आधी बूट, मग क्लीट, मग सीट

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. वय 46, रोड बाइक, मागच्या दिवाळीत क्लीटचे, म्हणजे सोलखालच्या तुकड्याने पेडलला अडकणारे बूट घेतले. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब राइड, वेळेत झाली, पण साठ-सत्तर किलोमीटर झाले की उजव्या पायाची मधली बोटं बधिर होतात, मग चवड्याखाली आग व्हायला लागते. डावा पाय त्या मानाने बरा. थांबून बूट काढला की दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. पुढच्या महिन्यात 300 किलोमीटरची आहे. जेलचे इनसोल (बुटात आत घालायचे तळ) घालू का, बी-12 सुरू करू का, की क्लीट सोडून पुन्हा साध्या पेडलवर जाऊ, हे तुमचे तीन प्रश्न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सायकलचं फिटिंगही करते. तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ म्हणजे बूट काढल्यावर दहा मिनिटांत बरं वाटतं ती. साखर, जीवनसत्त्वाची कमतरता किंवा पाठीतली दबलेली नस यांतलं काहीच बूट काढल्याने असं झटकन जात नाही. तुमची नस बुटाच्या आत दाबली जातेय, आणि दाब गेला की मोकळी होतेय. त्यामुळे जेल नको, गोळ्या तपासणीशिवाय नकोत, आणि क्लीट सोडायची घाई नको. पुढच्या बाजूला ऐसपैस बूट, क्लीट थोडी मागे, आणि त्यानंतर सीटची उंची. क्रम हाच ठेवा. लोक उलट्या क्रमाने जातात: आधी महागडी पेडलं, मग इनसोल, मग तीन दुकानं फिरून आणखी एक इनसोल, आणि बुटाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, कारण त्याला पैसे मोजून झालेले असतात.

आत काय घडतं ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. चवड्यात पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात. बोटांकडे जाणाऱ्या नसा त्या हाडांच्या टोकांमधल्या फटींतून जातात, आणि तिथेच एक आडवा पट्टा हाडांना एकत्र बांधून ठेवतो. बूट दोन्ही बाजूंनी आवळला की हाडं जवळ येतात, फट बारीक होते. खालून पेडलचा रेटा येतो. मध्ये नस सापडते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामधली फट याला सगळ्यात जास्त बळी पडते, म्हणून मधली बोटं बधिर होतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर नसेभोवतीचा भाग जाड होतो आणि मग साध्या चालण्यातही खडा टोचल्यासारखं वाटतं. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या सर्जनने 1876 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. नाव ऐकून गाठ किंवा कॅन्सर डोक्यात आणू नका, तसलं ते काही नाही. आणि तुमचं प्रकरण तिथवर गेल्यासारखं दिसत नाही, कारण सायकलवरून उतरल्यावर तुम्हाला त्रास नाही.

चालताना वजन टाचेवरून चवड्यावर येतं आणि प्रत्येक पावलाला पाय पूर्ण मोकळा होतो. सायकलवर टाच अधांतरी असते, सगळा रेटा चवड्यातून जातो, आणि क्लीट असली की तोही रोज त्याच एका जागेवरून. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर तासाला 4,800, दहा तासांच्या राइडला एका पायाच्या 48,000. त्यात बसून बसून, उन्हाने आणि श्रमाने पाऊल सुजतं. बूट काही सुजत नाही, आणि कार्बनचा सोल तसूभर हलत नाही. त्यामुळे दुकानात छान बसलेला, तीस किलोमीटरच्या सकाळच्या फेरीत एकदाही कुरकुर न करणारा बूट तिसऱ्या तासाला त्रास देतो. तुमचे साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे साधारण तोच वेळ.

आता बधिरपणाची जागा. ती नीट सांगता आली तर निम्मं निदान तिथेच होतं. पुढच्या राइडला हे बघाच, कारण तुमच्या उजव्या पायात दोन गोष्टी एकत्र असू शकतात.

मधली बोटं आणि चवड्याचा मध्यभाग म्हणजे बुटाची रुंदी किंवा पुढे लावलेली क्लीट. त्याबद्दल पुढे सविस्तर. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात, तेही पावलाच्या वरच्या बाजूने बधिर होत असेल, तर दोष सोलचा नाही. तिथे जाणारी नस पावलाच्या पाठीवरून, कातडीच्या अगदी जवळून येते. बूट आवळायची वरची डायल (फिरवायची चकती) किंवा पट्टा करकचून आवळला, किंवा जीभ दुमडून बसली, की ती दबते. डायल दोन क्लिक सोडली की पंधरा मिनिटांत फरक कळतो. हे इतकं साधं कारण असतं की लोकांना पटत नाही.

अंगठ्याच्या बरोबर खाली टोचल्यासारखं दुखत असेल तर तिथे वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं आहेत, त्यांच्यावर भार जास्त येतोय. क्लीट बहुतेक फार पुढे आहे. करंगळीच्या बाजूची कड दुखत असेल तर पाऊल बाहेरच्या बाजूला कलतंय, किंवा बुटाची बाहेरची भिंत रुतते आहे. तळव्याची कमान आखडत असेल तर बहुतेक वेळा टाच बुटात घसरते आणि ती धरून ठेवायला तुम्ही नकळत बोटं आकसून धरता. तासन्‌तास बोटं आकसली की तळवा बोलणारच.

पूर्ण पाऊल बधिर होऊन सोबत नितंबापासून मांडीच्या मागून कळ येत असेल तर बूट सोडा. सीट, बसण्याची ढब आणि पाठ यांच्याकडे वळा. जननेंद्रियाच्या भागात बधिरपणा येत असेल तर तो सीटचा प्रश्न, आणि तो लाजून अंगावर काढायचा नसतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूने बधिरपणा उतरून पाऊल वर उचलायला जड वाटत असेल तर गुडघ्याच्या बाहेर, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेपाशी नस दाबली जात असण्याची शक्यता असते. घट्ट नी-कॅप घालून सायकल चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि एक दुर्मीळ प्रकार: चढावर जोर लावला की एकाच पायाची मांडी किंवा पोटरी भरून येते, ताकद जाते, पाऊल सुन्न होतं, जोर कमी केला की काही मिनिटांत निवळतं. अनेक वर्षं जोरात सायकल चालवणाऱ्यांत जांघेजवळच्या मोठ्या धमनीची भिंत जाड होऊन रक्तप्रवाह अडतो, त्याचं हे लक्षण असू शकतं. बूट बदलून ते जाणार नाही, रक्तवाहिन्यांच्या सर्जनलाच दाखवावं लागतं.

तुमच्याकडे परत येते. आज संध्याकाळी बुटातले इनसोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा, राइडचे मोजे घालून त्यांच्यावर उभे राहा. बसून नाही, पूर्ण वजन देऊन. चवडा किंवा करंगळी इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे, बाकी काहीही केलं तरी तो अरुंदच राहणार. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, आणि उजवाच जास्त दुखण्याचं तुमचं कारण कदाचित एवढंच निघेल. सगळ्यात लांब बोटापुढे पाच ते दहा मिलिमीटर जागा हवी. माप नेहमी संध्याकाळी घ्या, शक्य असेल तर राइड करून आल्यावर. सकाळचं पाऊल लहान असतं. आणि माप मोठ्या पायाचं घ्या, लहान पायाची ढिलाई जाड इनसोलने भरून काढता येते.

आपल्याकडचे बरेच पाय लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेले, पुढे पसरलेले. रेसिंगच्या बुटांचा नेहमीचा साचा मात्र अरुंद. मग दुकानदार सांगतो, एक नंबर मोठा घ्या. इथे फसायला होतं. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर लांबी, साधारण 6.7 मिलिमीटर. रुंदी त्या मानाने फारच कमी वाढते. शिवाय लांब बुटात क्लीटची भोकं तुमच्या पावलाच्या मानाने आणखी पुढे सरकतात, कमान चुकीच्या जागी येते आणि टाच घसरते. म्हणजे एक दुखणं काढायला गेलात आणि तीन घेऊन आलात. रुंदी कमी पडत असेल तर रुंद साच्याचाच बूट शोधा. शिमानोच्या काही मॉडेलांत ‘वाइड’ मिळतं, लेक आणि बॉण्ट यांच्याकडेही रुंद साचे आहेत. मागवायला वेळ लागतो, किंमतही लागते, हे मान्य. पण बूट ही या सगळ्यातली एकच गोष्ट आहे जिथे मी लोकांना पैसे खर्च करायला सांगते. पेडल, कार्बनची सीट-पोस्ट, चाकं, सगळं त्यानंतर.

बूट चामड्याचा असेल तर चांगला मोची फर्म्यावर चढवून चवड्यापाशी थोडा सैल करून देतो. सिंथेटिकवर याचा फारसा उपयोग होत नाही.

इनसोलच्या परीक्षेत बूट पास झाला तर आवळण्याची पद्धत बघा. बूट पायात धरून ठेवायचं काम टाचेचं आणि पावलाच्या पाठीचं. चवड्याच्या पट्ट्याला त्यात काही काम नाही. सगळ्यात पुढची डायल किंवा पट्टा फक्त लागलेला असावा, आवळलेला नको. लेसचा बूट असेल तर पुढची एक जोडी भोकं सोडून लेस ओवा. घरून निघताना बूट थोडा ढिला वाटला पाहिजे. पहिल्या तासात तो आपोआप भरतो. पुढे दर दीड-दोन तासांनी, त्रास सुरू व्हायच्या आधी, एखादा क्लिक सोडायचा. बधिर झाल्यावर सोडला तर नस शांत व्हायला वेळ लागतो आणि मग बूट काढावाच लागतो.

मोजे पातळ. जाड मोज्याने पायाला आराम मिळतो हा समज चालण्याच्या बुटांपुरता ठीक आहे. आधीच कसलेल्या सायकलच्या बुटात जाड मोजा म्हणजे अर्धा नंबर लहान बूट. थंडीच्या पहाटे निघताना दोन मोजे चढवणारे बरेच असतात. बोटं गार पडून बधिर होतात म्हणून आणखी एक मोजा, त्याने रक्तप्रवाह आणखी कमी, म्हणून आणखी गार. त्यापेक्षा बुटावरून चढवायचं कव्हर वापरा, किंवा काहीच नसेल तर बुटाच्या पुढच्या जाळीवर बाहेरून टेप लावा. ऊन वर आलं की काढून टाका.

आता क्लीट. तुमची क्लीट कुठे लावली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दुकानात सहसा ती अंगठ्यामागच्या हाडाच्या बरोबर खाली येते. छोट्या जोरदार राइडला ते चालतं. दहा-वीस तासांसाठी मी ती मागे घेते. बूट घालून उभे राहा, बुटाच्या आतल्या बाजूला अंगठ्यामागचा उंचवटा बोटाने चाचपा आणि टेप लावून तिथे पेनाची खूण करा. तशीच खूण बाहेरच्या बाजूला करंगळीमागच्या हाडावर. करंगळीची खूण अंगठ्याच्या खुणेपेक्षा मागे येईल. पेडलच्या दांड्याची मध्यरेषा या दोन खुणांच्या मध्ये पडली पाहिजे. ज्यांना चवड्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी करंगळीच्या खुणेपर्यंत मागे नेली तरी मला हरकत नसते. एकदम न नेता पाच-पाच मिलिमीटरने न्या. आधीच्या जागेभोवती पातळ पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे परत यायची वाट राहते. बोल्टच्या आट्यांना चिमूटभर ग्रीस, आणि 4 मिमीच्या ॲलन कीने 5 ते 6 न्यूटन-मीटर एवढंच आवळा.

क्लीट मागे गेली की चवड्याच्या हाडांची टोकं दाबाच्या थेट रेषेतून बाजूला होतात, पोटरीचं कामही हलकं होतं. बदल्यात सुरुवातीला स्प्रिंट मारताना पाय थोडा मंद वाटतो. ब्रेव्हेत तुम्हाला कोणाशी स्प्रिंट मारायची नाही. पण क्लीट मागे गेली म्हणजे तुमचा पाय पेडलपासून किंचित आखूड झाला, म्हणून सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग गुडघ्यामागे दुखतं म्हणून फोन करतात.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. इनसोल काढलाच आहे तर आत हात घाला: क्लीटचा बोल्ट किंवा आतली पत्र्याची पट्टी वर टोचते का? दोन बोल्टची लहान क्लीट लागणाऱ्या बुटात, म्हणजे एसपीडी प्रकारात, हे घडतं, लांब बोल्ट लावला तर विशेष. दुसरं म्हणजे क्लीटची मोकळीक, म्हणजे अडकलेलं पाऊल किती वळू शकतं ती. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीट रंगांवरून ओळखतात: लाल 0 अंश, निळी 2, पिवळी 6. तुमची लाल असेल तर पिवळी लावा. लाल क्लीटमध्ये पाऊल एकाच कोनात जखडून राहतं, आणि लांब राइडवर पायाला थोडं इकडेतिकडे व्हायला जागा हवी असते.

एसपीडीची क्लीट लहान असते, त्यावर मऊ सोलचा एमटीबी (माउंटन बाइकचा) बूट असेल तर क्लीटचा आकार तळव्याला जाणवतो, लोक त्याला हॉट स्पॉट म्हणतात. ताठ सोल किंवा क्लीटभोवती रुंद फळी असलेलं पेडल घेतलं की दाब पसरतो. तुमचे रोडचे ताठ सोलचे बूट आहेत, त्यामुळे हे तुमच्यासाठी नाही.

सीटची उंची. सीट जास्त उंच असली की पेडल तळाला जाताना टाच वर उचलली जाते, अंगठा खाली वळतो आणि सगळा भार चवड्याच्या टोकावर येतो. कोणाला तरी मागून सायकलवरून बघायला सांगा, किंवा मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करा. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला हवा, आणि मागून बघितलं तर कंबर डावी-उजवी डुलता कामा नये. कंबर एकाच बाजूला झुकत असेल तर दुसरा पाय पेडल गाठायला ताणला जातो. उजवाच जास्त दुखण्याचं हे दुसरं संभाव्य कारण. घरच्या घरी पहिला अंदाज घ्यायचा तर ट्रेनरवर (सायकल जागेवर धरणाऱ्या स्टँडवर) किंवा भिंतीला टेकून बसा, अनवाणी टाच पेडलवर ठेवा, तळाला पाय नुकताच सरळ होईल एवढी सीट. यात थोडं मागे-पुढे होतं, पण सीट वीस मिलिमीटर उंच असेल तर लगेच लक्षात येतं.

गिअरबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही, विशेषतः आपल्याकडे. पुण्याहून दक्षिणेला निघालं की कात्रज, पुढे खंबाटकी, मार्ग वळला तर पसरणी. सपाटीवर मिनिटाला 85 फेऱ्यांनी फिरणारे पाय घाटात 50-55 वर येतात. तेवढीच ताकद लावायची असेल तर 90 ऐवजी 60 ने फिरवताना प्रत्येक फेरीला दीडपट रेटा द्यावा लागतो, आणि तो चवड्यातूनच जातो. पुढच्या चक्रांना 50-34 आणि मागच्यांना 11-28 दात असतील तर कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) 32 किंवा 34 ची करून घ्या. मागचा डिरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढं मोठं चक्र घेतो का, ते मेकॅनिकला आधी विचारा. जड गिअर ढकलणं हा पुण्या-नाशिकच्या बऱ्याच जुन्या सायकलपटूंना पुरुषार्थ वाटतो. त्यांचे गुडघे आणि चवडे मी बघते, म्हणून माझं मत वेगळं आहे.

इनसोलवर आता येते, मुद्दामच उशिरा. जेल हाताला मऊ लागतं, पण त्याने बुटातली जागा खाल्ली जाते, आणि पाऊल त्यात रुतून हाडं एकमेकांत दबतातच. अरुंद बुटात जेल घालून बरं वाटलेला माणूस मला अजून भेटायचाय. बुटात जागा असेल आणि तरी मधली बोटं बधिर होत असतील, तर कमानीला घट्ट आधार देणारा पातळ इनसोल आणि त्यावर मेटाटार्सल बटण, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा उंचवटा, उपयोगी पडतो. तो हाडांना किंचित फाकवतो, फट मोकळी होते. जागा मात्र अचूक हवी: दुखणाऱ्या जागेच्या खाली नाही, तिच्या पाच-दहा मिलिमीटर मागे, टाचेच्या दिशेने. दुखतं तिथेच बटण चिकटवून त्रास वाढवून घेणारे खूप. सगळ्यात पातळ बटणापासून सुरुवात करा आणि आधी घरात तासभर चालून बघा. चवड्याखाली देतात त्या पाचरी तुम्ही स्वतः लावू नका. त्याने गुडघ्याची रेषा बदलते.

साध्या पेडलवर परत जायचं का? गेलात तर कमीपणा काही नाही. फ्रान्समधल्या 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या ब्रेव्हेलाही क्लीट लावलीच पाहिजे असा नियम नाही. मात्र पळायचे फोमचे बूट आणि लहान पेडल ही जोडी नको; फोम पेडलभोवती वाकतो आणि तासाभरात तुम्ही पेडलच्या कडेवर उभे असता. रुंद पेडल आणि ताठ सोलचा बूट घ्या. आणखी एक मार्ग मला स्वतःला फार आवडतो: एसपीडी क्लीट लागणारे सँडल. पावसात पाणी निथळतं, एप्रिलच्या डांबरावरून वर येणारी धग अडकून राहत नाही, सुजलेल्या पावलाला पट्टा सोडून जागा देता येते. दिसायला बरे नसतात. लांब पल्ल्याच्या जगातले अनुभवी लोक त्याची पर्वा करत नाहीत.

रस्त्यावर असताना करायच्या गोष्टी मोजक्याच. उतारावर पेडल थांबवलं की दोन्ही पेडलं आडवी ठेवा, पायावरचं वजन काढा, बुटात बोटं पसरा-आवळा. सपाटीवर वीस मिनिटांतून एकदा दहा-बारा फेऱ्या टाच किंचित खाली ठेवून मारा, मग दहा-बारा फेऱ्या पाय हलकेच वर ओढत. ढकलायचंच थांबवलं की चवड्याला उसंत मिळते. सीटवरून उठून चालवणं सीटच्या बधिरपणावर चांगलं, चवड्याच्या दुखण्यावर नाही. उभं राहिलं की भार उलट वाढतो. उन्हात बुटाच्या जाळीवर थोडं पाणी ओता. पावसाळ्यात मात्र ओले मोजे तासन्‌तास राहू देऊ नका, कातडी फुगते आणि मग बधिरपणापेक्षा फोड जास्त छळतात. एक कोरी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत असू द्या. कंट्रोलवर (वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी) चहाला थांबलात की बूट पूर्ण काढा, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवा, आणि परत घालताना डायल आधीच्या खुणेपर्यंत आवळू नका. 300 ला वीस तासांची मुदत असते, त्यातली अशी पाच-सात मिनिटं पुढच्या चार तासांत भरून निघतात.

बी-12. प्रश्न रास्त आहे, कारण शाकाहारी घरांत याची कमतरता खूप आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तरी पातळी उतरते. पण कमतरतेचा किंवा साखरेचा बधिरपणा सहसा दोन्ही पावलांत सारखा असतो, बोटांपासून वर चढतो, रात्री अंथरुणात आग होते, आणि बूट काढल्याने जात नाही. तुमचं चित्र तसं नाही. तरी 46 व्या वर्षी एकदा साखर, बी-12 आणि थायरॉइड बघून घ्या. रक्तातली पातळी कमी निघाली तर डॉक्टर ठरवतील तेवढं घ्या. आधीच नाजूक झालेली नस थोड्या दाबानेही कुरकुरते, त्यामुळे दोन्ही कारणं एकत्र असणं अशक्य नाही.

पुढच्या महिन्याचं वेळापत्रक असं करा. पहिल्या आठवड्यात फक्त डायल, मोजे आणि इनसोलची परीक्षा. एक 80-100 किलोमीटरची राइड. बूट अरुंद निघाला तर त्याच दिवशी दुसरा मागवा, कारण नव्या बुटाला किमान दोन लांब राइड मिळाल्या पाहिजेत. दुसऱ्या आठवड्यात क्लीट पाच मिलिमीटर मागे आणि सीट खाली. तिसऱ्या आठवड्यात गरज वाटली तर आणखी पाच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि बिघडलं तर काय परत फिरवायचं तेही नाही. शेवटच्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, कोणी कितीही चांगला सल्ला दिला तरी. बूट वेळेत आला नाही तर जुन्याच बुटाची पुढची डायल पूर्ण सोडून, पातळ मोज्यात जा.

300 नंतर एखाददोन बोटं काही दिवस सुन्न राहिली तर घाबरू नका. लांब पल्ल्यानंतर हे बऱ्याच जणांना होतं, मोठ्या राइडनंतर कधीकधी काही आठवडेही राहतं. दाबामुळे नस तात्पुरती मंदावलेली असते, हळूहळू जागी होते. त्या काळात ताठ सोलचा बूट घालून लांब जाऊ नका, रुंद चपलेत वावरा. दोन-तीन आठवड्यांत सुधारणेचा मागमूस नसेल, चालताना खडा टोचल्यासारखं वाटू लागलं, किंवा रात्री झोपेतून जाग येऊ लागली तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पाऊल वर उचलताना लटकं पडत असेल, पाठदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा बदलल्यासारखा वाटत असेल, किंवा एकच पोटरी सुजून लाल-गरम झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इनसोलवर उभं राहून काय दिसलं ते कळवा. शक्य असेल तर वरून दोन्ही पायांचे फोटो, आणि बूट उलटा करून क्लीटचा एक. त्यावरून क्लीट किती मागे घ्यायची ते मला नेमकं सांगता येईल.